धोफारच्या डोंगरातला रानटी डेझर्ट रोझ - नेमकी जात कुठली? (फोटो आहेत)

गल्फरिटर्न
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं ओमानात धोफार प्रांतात, सलालाला नोकरी करून आता घरी डिचोलीला येऊन बसलोय, जुनी हार्ड डिस्क साफ करताना हे फोटो हाताला लागले. आमचं काम बंदरात, सुट्टीच्या दिवशी गाडी काढायची आणि मिरबाटच्या बाजूला नाहीतर वर तावी अतैरच्या डोंगरात जायचं, बाकी तिथं करायला काय असतं मरे. फोटो एप्रिलमधले आहेत. डोंगराची समुद्राकडची उतरण, सगळा चुनखडीचा दगड, गवत सुकून गेलेलं, आणि त्यात हे झाड, अंगावर पान म्हणून एक नाही पण गुलाबी फुलांनी भरलेलं. फोटो २ मध्ये बुंधा बघा, पिठाचा गोळा खडकाच्या फटीत कोंबावा तसा बसलाय, खडक जिथं वळलाय तिथं तोही वळलाय. माती म्हणाल तर चिमूटभर.
आपल्याकडं नर्सरीत जो अडेनियम मिळतो तोच का हा? की वेगळी जात आहे? तिथला एक सहकारी म्हणायचा की हा दुर्मिळ आहे, फक्त धोफारातच येतो. खरं काय ते जाणकारांनी सांगा.

प्रश्नकुमार
फोटो दिसत नाहीत. लिंक प्रायव्हेट आहे बहुतेक.

गल्फरिटर्न
आता बघा. सगळ्यांना उघडी केलीय.

बाय_फोंड्याची
आहाहा काय फुललंय! आमच्याकडं हेच झाड कुंडीत धड दोन फुलं देत नाही आणि पाऊस सुरू झाला की बुंधा मऊ पडून बसतो. रच्याकने, धाग्याचं नाव वाचून मला आधी तो दगडच वाटला, माझ्या मामेभावानं दोहाहून आणलेला शोकेसमध्ये ठेवलाय, त्यालाही डेझर्ट रोझच म्हणतात ना?

सड्यावरची
@बाय, हो, पण त्याचा आणि झाडाचा काही संबंध नाही. तो जिप्सम. खारट जमिनीतलं पाणी उन्हानं आटतं तसे वाळूतच त्याचे पापुद्र्यांसारखे स्फटिक वाढतात. दोहाचं राष्ट्रीय संग्रहालय, २०१९ साली उघडलं ते, झ्याँ नूव्हेलनं त्याच दगडाच्या आकारावर बांधलंय. झालंच तर ऑस्ट्रेलियात कपाशीच्या कुळातलं एक झुडूप आहे त्यालाही डेझर्ट रोझ म्हणतात. म्हणून नुसतं इंग्रजी नाव टाकून शोधलं की भलतंच समोर येतं, अडेनियम म्हणून शोधा.
आता मुद्द्याचं. गल्फरिटर्न, फोटो सुंदर आहेत आणि झाड अडेनियमच आहे, त्यात शंका नाही. गुलाबाशी नातं शून्य. हे कुळ आपल्या रोजच्या ओळखीचं आहे: कण्हेर, चाफा, सदाफुली, करवंद, रुई, सातवीण सगळी त्यातलीच. पुढची जात ठरवायला तुमचे फोटो थोडे कमी पडतात कारण तुम्ही बुंध्यावर भर दिलाय (सगळेच देतात, डोळा तिथंच जातो). फोटो ४ मध्ये एक फूल समोरून आलंय ते मी मोठं करून बघितलं. नळीच्या आत तांबड्या रेघा स्पष्ट आहेत, आणि मधून लवदार, पिळलेले पाच तंतू वर आलेत. ते पुंकेसरांची टोकं. या दोन गोष्टी महत्त्वाच्या. आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागातल्या काही जातींत, उदाहरणार्थ नामिबियाच्या बाजूचा बोएमियानम किंवा स्वाझिकम, हे तंतू आतच राहतात, बाहेर डोकावत नाहीत, आणि फूल आतबाहेर साधारण एकाच रंगाचं दिसतं. म्हणजे ते दोन गेले. ते तसेही इथून हजारो किलोमीटरवर.
पानांचे फोटो आहेत का? मागच्या बाजूचे?

कुंड्यावाला_म्हापसा
मी गेली कित्येक वर्षं अडेनियम लावतो विकतो, त्यामुळं बोलतो. हा अरेबिकम. बुंधा बघा ना किती पसरट आणि जाडा, खालूनच फांद्या फुटल्यात. अडेनियमची दुसरी जात ओबेसम, तो असा बसका होत नाही, उंच जातो. शिवाय जागा अरबस्तान म्हणजे अरेबिकमच असणार की.

सड्यावरची
@कुंड्यावाला, तुमच्या अनुभवाचा आदर आहेच, पण बुंध्यावरून रानातली जात ठरवू नये असं माझं स्पष्ट मत आहे. कुंडीत सगळ्या रोपांना एकच माती, एकच पाणी, म्हणून तिथं आकारातला फरक जातीचा म्हणता येतो. रानात तसं नाही. तेच बी खडकाच्या फटीत पडलं तर बसकं होतं, दरीत माती असलेल्या जागी पडलं तर माणसाएवढं उंच जातं. वाऱ्यानं वाकतं, गुरांच्या पायाखाली शेंडा मोडला की खालून चार फांद्या काढतं.
दुसरं म्हणजे अरेबिकम हा अरबस्तानच्या पश्चिम अंगाचा, सौदीचा जिझान असीरकडचा भाग आणि येमेनचे डोंगर. धोफार त्याच्या पार पूर्वेला. अरेबिकमचं पान रुंद, जाड आणि लवदार, हात लावला की मऊ लागतं. ओबेसमचं पान बहुतेक गुळगुळीत, चकचकीत, टोकाकडं रुंद होत गेलेलं. म्हणून तर पानांचे फोटो मागतेय, उगीच नाही.

कुंड्यावाला_म्हापसा
ठीक, पान येऊ दे मग बोलू. पण बाजारातलं सांगतो, आमच्या धंद्यात तर जे रोप बसकं आणि जाडं दिसलं त्याला अरेबिकम म्हणून विकतात, आणि थाई सोकोट्रानम म्हणून जे येतं ते येमेनच्या सोकोत्रा बेटावरचं असेलच असं अजिबात नाही. डबल पाकळीची, काळपट लाल, पिवळी ती सगळी संकरित, खाली ओबेसमचा बुंधा आणि वर कलम. कलमाची गाठ शोधा, सापडेल. त्यामुळं नर्सरीच्या चिठ्ठीवरून कोणी रानातलं झाड ओळखू नये हे मात्र मलाही मान्य.

दर्यावर्दी
मी बोटीवर असतो. मापुतोला बोट बरेच दिवस अडकली होती तेव्हा आम्ही काही जण सीमा ओलांडून क्रूगर पार्कात गेलो. तिथं कॅम्पच्या आवारात अशीच झाडं, पण फूल पांढरं आणि कडेला लालभडक किनार, पाकळीची कड चुरगळल्यासारखी. महिना जुलै, म्हणजे त्यांचा हिवाळा, झाडाला पान एक नाही. तिथले लोक इंपाला लिली म्हणतात. ते पण हेच का?

सड्यावरची
@दर्यावर्दी, तो अडेनियम मल्टिफ्लोरम. वंश हाच, जात वेगळी. हिवाळ्यात निष्पर्ण असताना फुलणं आणि ती लाल किनार, एवढं सांगितलंत की बाकी काही विचारायलाच नको. ओळख पटवणारे तपशील द्यायचे ते असे 🙂

जुना_पणजीकर
अवांतर, पण राहवत नाही. सोकोत्राचं नाव निघालंय तर, ते बेट आपल्या गोव्याला अजिबात परकं नाही. १५०७ मध्ये पोर्तुगीजांनी तिथला किल्ला घेतला, आल्बुकेर्क होता त्यात, म्हणजे गोवा घेण्याच्या तीन वर्षं आधी. पाण्याचे हाल आणि तापानं माणसं मरायला लागली तशी १५११ मध्ये सोडूनही दिला. सेंट झेवियर १५४२ ला गोव्याला येताना वाटेत तिथं थांबले होते. आणि पणजीच्या चर्चीजवळच्या बागेला ज्याचं नाव दिलंय त्या गार्सिया द ओर्तानं इथं गोव्यात बसून सोकोत्राच्या काळ्याबोळाबद्दल लिहिलंय, १५६३ साली. काळाबोळ म्हणजे कोरफडीचा सुकवलेला चीक, बाळंतिणीच्या सामानात असायचा तो. पण या फुगीर बुंध्याच्या झाडाबद्दल मात्र युरोपात नीट कळलं ते आणखी दोनशे वर्षांनी.

सड्यावरची
@जुना_पणजीकर, अवांतर कसलं, कामाचंच आहे. दोनशे वर्षांनी म्हणजे फोर्सकॉल. लिनियसचा शिष्य, डेन्मार्कच्या राजानं पाठवलेल्या मोहिमेत येमेनला गेला आणि १७६३ मध्ये तिथंच मलेरियानं वारला, वय ३१. सोबतच्यांपैकी जिवंत परतला तो फक्त नीबूर, त्यानं फोर्सकॉलच्या नोंदी १७७५ मध्ये छापल्या. त्यात हे झाड कण्हेरीच्या वंशात घातलंय, नेरियम ओबेसम म्हणून. १८१९ मध्ये रोमर आणि शुल्टेस यांनी त्याला वेगळं काढून अडेनियम केलं. तेव्हापासून किती जाती यावर भांडण चालूच आहे. कोणी पाच म्हणतं, कोणी दहा-बारा, कोणी सगळ्यांना ओबेसमच्या पोटजाती करून मोकळं होतं. सोकोत्राचा तो प्रचंड बुंध्याचा सुद्धा काहींच्या मते स्वतंत्र सोकोट्रानम आणि काहींच्या मते ओबेसमचीच पोटजात. धोफारच्या झाडांचंही तेच, काही अभ्यासक त्यांना धोफारेन्स म्हणून वेगळं मानतात.

पेडणेकर९९
एवढं लांब कशाला जायचं, आमच्या हरमलच्या वर सड्यावर, चिऱ्याच्या पठारावर पण आहे हे झाड. रानटी. मी स्वतः बघितलंय, कोणी पाणी घालत नाही तरी मस्त फुलतं.

प्रश्नकुमार
फोटो टाका नाहीतर झालंच नाही 😄

पेडणेकर९९
घ्या.

सड्यावरची
@पेडणेकर, झाड अडेनियमच आहे. पण तुमच्या फोटोत मागं उजवीकडं चिऱ्याचं पडकं जोतं दिसतंय, बाजूला चाफा आहे, तुळशीवृंदावनाचा चौथरा पण आहे वाटतं. कोणाच्या तरी अंगणात लावलेलं, घर पडलं, माणसं गेली, झाड राहिलं. अशी खूप असतात. फूलही बघा, पाकळी रुंद, गोल, कडेला गडद पट्टा, ते नर्सरीतलं वाण. भारतात अडेनियम रानटी कुठंच नाही. आणि आसपास एक तरी पिल्लू रोप दिसलं का? रानटी म्हणायचं तर लहानमोठी, सगळ्या वयाची झाडं दिसायला हवीत.

पेडणेकर९९
पिल्लू नाही. एकच आहे. घराचं म्हणाल तर बरोबर, तिथं पूर्वी वस्ती होती म्हणतात.

बाय_फोंड्याची
पण मग आपला सडा पण दगडच ना, उन्हाळ्यात तर करपून जातो. तिथं का येत नाही हे झाड आपोआप? धोफारला पण पाऊस पडतोच ना, आमच्या शेजारचे सलालाचे हिरवे फोटो पाठवतात ऑगस्टमधले.

सड्यावरची
@बाय, फार चांगला प्रश्न. वारा एकच. जो नैऋत्य मान्सून आपल्याला झोडपतो तोच धोफारच्या किनाऱ्याला घासून जातो, तिथं त्याला खरीफ म्हणतात, जूनच्या शेवटापासून सप्टेंबरपर्यंत. फरक असा की त्या वाऱ्यानं धोफारच्या किनाऱ्याला समुद्राच्या तळचं गार पाणी वर येतं, त्यामुळं वरची हवा थंड आणि दमट होते, पण उंचावर वाळवंटाकडून आलेला गरम कोरडा थर झाकण घालून बसलेला असतो. ढग वर चढूच शकत नाही. म्हणून मोठा पाऊस नाही, नुसतं धुकं आणि भुरभूर. सलाला शहरात वर्षाचे १०० मिलिमीटरच्या आसपास, आपल्याकडं ३००० च्या पुढं. धुकं डोंगराच्या समुद्राकडच्या अंगाला अडकतं, कडा ओलांडून पलीकडं गेलात की कोरडं वाळवंट, लुबानचं झाड, बोसवेलिया सॅक्रा, ते त्या कोरड्या बाजूला खूश असतं. अडेनियम उतरणीवर, जिथं धुकं मिळतं पण पाणी क्षणभर थांबत नाही.
आपल्या सड्यावर उलट. जून ते सप्टेंबर चिऱ्याच्या खळग्यात पाणी साचून राहतं, म्हणून तिथं सीतेची आसवं, दवबिंदू, गेंद अशी चार महिन्यांची मंडळी, पाणी आटलं की संपली. अडेनियमचं मूळ चार महिने पाण्यात राहिलं तर कुजणारच. उन्हाळ्याचा कोरडेपणा सोसतो, साचलेलं पाणी सोसत नाही.

गल्फरिटर्न
हे धुक्याचं अगदी खरं. खरीफमध्ये वर गाडी घेऊन गेलं की पुढचा उंट दिसत नाही, हॉर्न वाजवत जायचं. आणि उंटांवरून आठवलं, तिथं उंट आणि शेळ्या डोंगर बोडका करून टाकतात, काट्याची झुडपं सुद्धा सोडत नाहीत, पण या झाडाला तोंड लावलेलं मी कधी बघितलं नाही.

सड्यावरची
लावणार नाहीत. चिकात कण्हेरीसारखंच हृदयावर परिणाम करणारं विष असतं. टांझानियातले हाडझा शिकारी याचा रस शिजवून बाणांना लावतात. घरात लहान मुलं, कुत्री असतील तर छाटणी करताना हातमोजे घाला आणि तुकडे उघड्यावर टाकू नका. म्हणूनच जिथं चराई जास्त तिथं नेमकं हेच झाड उरलेलं दिसतं, आणि बघणाऱ्याला वाटतं की याला कसलाच धोका नाही.

प्रश्नकुमार
मग दुर्मिळ आहे की नाही ते सांगा ना, मूळ प्रश्न तो होता.

सड्यावरची
ओबेसम ही जात एकूण बघितली तर दुर्मिळ नाही. सेनेगलपासून सहारा वाळवंटाच्या दक्षिणेच्या साहेल पट्ट्यानं सुदान, इथिओपिया, सोमालिया, केनिया आणि तिथून अरबस्तान, एवढा पसारा आहे. पण पसारा मोठा म्हणजे सगळीकडं भरपूर असं नाही, मधे मधे तुटक ठिपके आहेत. एका डोंगरावर असतील, पुढच्या तीन डोंगरांवर नसतील. वाढ फार सावकाश. अशा ठिकाणी जुनी चार मोठी झाडं कोणी खणून बागेत नेली तर तो ठिपका संपला. वर धोफारची झाडं वेगळी जात मानली तर मग तिचा सगळा मुलूख तेवढाच, तेव्हा तुमचा सहकारी अगदीच चुकीचं बोलत नव्हता. खरं दुर्मिळ म्हणायचं तर स्वाझिकम, ऊसशेतीनं जागा खाल्ली आणि औषधासाठी उपटून नेतात.

गल्फरिटर्न
अपडेट. माझा जुना रूममेट अजून सलालातच आहे, त्याला फोन करून त्याच वळणावर पाठवला. खरीफ नुकताच संपलाय त्यामुळं झाड पानांनी भरलेलं आहे. फोटो ७ ते ११ बघा. पान चांगलं माझ्या तळहाताएवढं लांब, वरून चकचकीत. मागची बाजू त्याला बोट फिरवून बघायला सांगितली, म्हणाला गुळगुळीत, लव नाही. टोक बोथट आणि मधोमध बारीकसं नख. एका फांदीला शेंगांची जोडी पण आहे, शिंगासारखी दोन बाजूंना गेलेली, एक उकललेली. आत बारीक नळकांडीसारखं बी आणि दोन्ही टोकांना केसांचे झुबके. आणि खाली दगडांत तीन पिल्लं, बोटभर उंचीची!

कुंड्यावाला_म्हापसा
लव नाही म्हणजे अरेबिकम नाही. मान्य. आणि बियांना दोन्ही टोकांना झुबका म्हणजे अडेनियमचा ठसाच, कण्हेरीला एकाच टोकाला असतो. शेंग आपोआप धरली हे मला विशेष वाटतं, आमच्याकडं ब्रशनं परागण केल्याशिवाय शंभरात एक धरत नाही, म्हणजे तिथं काम करणारा कीटक अजून आहे. पण मग नाव काय लिहायचं शेवटी?

सड्यावरची
अडेनियम ओबेसम, व्यापक अर्थानं. त्याच्या पुढं जाऊन धोफारेन्स म्हणायचं असेल तर मला फुलाचा उभा छेद बघायचाय, तंतू नळीच्या तोंडापर्यंतच येतात की बाहेर, ते मोजून. ते पुढच्या एप्रिलशिवाय होणार नाही. तीन पिल्लं दिसली ही माझ्या मते या धाग्यातली सगळ्यात महत्त्वाची बातमी.
आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाका, पण जागा अस्पष्ट ठेवायचा पर्याय असतो तो नक्की निवडा. आणि इथं वर तुम्ही गावांची नावं दिलीत तेवढी पुरे, वळण, किलोमीटरचा दगड वगैरे काही लिहू नका. मोठे बुंधे गोळा करणारे लोक असे धागे वाचतात.

गल्फरिटर्न
समजलं. फोटोंमधलं जीपीएस पण काढून टाकतो. मित्र म्हणतोय दहा-बारा बिया पाकिटातून पाठवतो, मागवू का?

कुंड्यावाला_म्हापसा
अजिबात नको. परदेशातून बी असो की रोप, आयात परवाना आणि तिकडचं फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट (रोगकीड नसल्याचा दाखला) लागतं, २००३ चा प्लँट क्वारंटाइन आदेश आहे. पाकिटातून आलेलं धरलं तर जातंच, वर डोक्याला ताप. आणि ते बी तिथल्या तीन पिल्लांच्या शेजारी पडू दे की. तुम्हाला साधं ओबेसम बियांपासून करायचं असेल तर माझ्याकडून घेऊन जा, फांदीचं नको, फांदी लावली की मूळ धरतं पण असा बुंधा धरत नाही.

बाय_फोंड्याची
मी पण येते बियांना! आणि पावसात टिकवायचं कसं ते पण सांगून टाका एकदाचं.

कुंड्यावाला_म्हापसा
@बाय, मेच्या शेवटी कुंडी उचलून बाल्कांवात, पत्र्याखाली, जिथं उजेड आहे पण थेंब येत नाही तिथं. माती कमी, जाड रेती आणि चिऱ्याची बारीक खडी जास्त, कोकोपीट नको, ते महिनाभर ओलं राहतं. पावसाळ्यात पानं गळाली तर घाबरून पाणी घालू नका, तिथंच लोक मारतात झाड. दसऱ्यानंतर परत उन्हात.

बाय_फोंड्याची
धन्स! अजून एक, आत्ता बघितलं तर माझ्या झाडाची निम्मी पानं कोणीतरी खाल्लीत. बोटाएवढा जाड हिरवा सुरवंट आहे, डोक्याजवळ दोन निळे डोळे. विषारी झाड ना, मग हा कसा जिवंत? मारू का?

सड्यावरची
मारू नका. तो कण्हेरीवरचा पतंग, डॅफनिस नेराय. कण्हेर, तगर, सदाफुली, अडेनियम, हेच खातो, त्याला ते विष चालतं. आणि ते निळे डोळे खरे नाहीत, पक्ष्यांना भिववायला आहेत. फारच खात असेल तर काडीवर घेऊन अंगणातल्या कण्हेरीवर सोडा. पानं परत येतील.